दमाचा इअरफोन

शाहूपुरीतल्या शिवानंदच्या रेडिओ-टेपच्या दुकानात, काचेच्या कपाटासमोर, सदरा काढून नुसत्या बनियनवर एखादा धिप्पाड म्हातारा बैठका मारताना दिसला, तर खुशाल समजावं की आमचे बळीआण्णा इअरफोन घ्यायला आले आहेत.

तुम्ही-आम्ही इअरफोन कसा घेतो? कानात घालतो, गाणं वाजतंय ना एवढं बघतो आणि घरी येतो. आण्णांना हा शुद्ध बावळटपणा वाटे. "बसून काय, समदंच वाजतंय," ते म्हणत. "पळतानं वाजतंय का, त्ये बगाय पायजे." मग आधी बैठका, मग जागच्या जागी धावणं. आण्णांचं धावणं म्हणजे शिवानंदच्या कपाटातले ट्रान्झिस्टर एकमेकांवर आपटायचे आणि गिऱ्हाईकं दारातूनच मागे फिरायची. एवढं सगळं झालं की आण्णा इअरफोन कानातून उपसून काढत, दोन बोटांत मेलेल्या झुरळासारखा धरत आणि निकाल देत, "दम न्हाय."

हे दोन शब्द म्हणजे आण्णांचं सगळं तत्त्वज्ञान. पुण्याच्या पाण्यात दम न्हाय. नव्या एसटीत दम न्हाय. माझ्या घरच्या चहात न्हाय, माझ्या शाळेत न्हाय आणि माझ्यात तर नव्हताच नव्हता. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. ज्यानं जन्मात एक जोर काढला नाही, त्यानं पोरांना हिमालय शिकवावा, हे त्यांना हास्यास्पद वाटे आणि ते तसं भर गल्लीत बोलूनही दाखवत.

शिवाय आण्णांच्या मते अख्खी दुनिया तोंडातल्या तोंडात बोलते. "बोला की वं जरा मोठ्यानं! जेवला न्हाईसा काय?" हे बँकेतल्या कारकुनाला, एसटीच्या कंडक्टरला, देवळातल्या पुजाऱ्याला, सगळ्यांना. मी त्यांच्या शेजारून चालताना अर्धा तास जीव तोडून पावसाचं राजकारण सांगावं आणि त्यांनी शेवटी "मास्तर, आज लई गप गप हाईसा" म्हणावं, असंही झालेलं आहे.

मंगळवार पेठेत आमची घरं समोरासमोर. तरुणपणी आण्णांनी कुस्तीची मैदानं गाजवली होती, असं ते स्वतः सांगत, आणि त्यांच्या अंगाकडे बघून कुणी उलटतपासणी करत नसे. त्या कुस्तीवरच त्यांना बिद्रीकडच्या साखर कारखान्यात नोकरी लागली. तिथे ते नेमकं काय काम करत, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. माझा अंदाज असा की फाटकापाशी खुर्ची टाकून बसत, आणि तेवढं पुरे होई. त्या काळाची एकच खूण त्यांच्या अंगावर राहिली होती, ती म्हणजे कान. पैलवानाचे कान मातीत घासून घासून मोडतात, सुजतात आणि तसेच घट्ट होतात. आण्णांच्या डोक्याला दोन्ही बाजूंना दोन कांदाभजी चिकटवल्यासारखी दिसत. कोल्हापुरात असल्या कानांना मान आहे. हॉटेलात शिरलं की पोऱ्या आधी कान बघतो आणि मगच पाणी आणतो.

आता अशा कानांत इअरफोन बसवायचा, हा उद्योग मुळात करावाच कशाला? तर त्यामागे डॉक्टर होते. निवृत्तीनंतर आण्णांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी साफ सांगितलं, रोज पळा, नाहीतर रोज सुई. आण्णा शंभर किलोच्या पैलवानाला घाबरले नसतील, पण सुईचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. म्हणजे पळणं भाग होतं. आणि हलगीशिवाय त्यांचा पाय उचलत नव्हता. मैदानात हलगी कडाडली की अंगात येतं, तसं पळतानाही कानात हलगी पाहिजे, असा त्यांचा हट्ट. पुण्याच्या मुलानं एक वॉकमन पाठवून दिला. आण्णांनी गल्लीतल्या हलगीवाल्याला अंगणात बसवून टेपरेकॉर्डरवर अख्खी कॅसेट भरून घेतली. आम्हा सर्वांना ती न मागता तोंडपाठ झाली.

वॉकमनबरोबर आलेला स्पंजवाला हेडफोन पहिल्याच दिवशी रंकाळ्यावर घसरून पाण्यात पडला. तिथून ही शोधमोहीम सुरू झाली, आणि खोक्यावरचं इंग्रजी वाचायला म्हणून मी त्यात सापडलो.

त्या दिवसांत रंकाळ्यावर असलं खूळ नवीनच होतं. मोबाईल अजून बिल्डरांच्याच हातात होते, पण कंबरेला वॉकमन आणि पायात पांढरे बूट घालून तळ्याभोवती फिरणारी मंडळी दिसू लागली होती. एक फेरी मारायची, घामाचा थेंब येण्याआधी टॉवेलनं तो पुसायचा आणि वाटेत मिसळ खाऊन घरी जायचं, असा तो व्यायाम. आण्णा त्यांच्याकडे बघून थुंकत. मला मात्र दोघांत फारसा फरक दिसत नव्हता. त्यांचं खूळ इस्त्रीचं होतं, ह्यांचं बनियनवरचं.

शिवानंद हा सोशिक लिंगायत माणूस. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी आणि आण्णा आले की फक्त सुस्कारे. त्यानं आधी रबरी बोंडाचे इअरफोन दाखवले. ते कानाच्या भोकात घट्ट बसतात, बाहेरचा आवाज येत नाही, असं मी खोक्यावरून वाचून दाखवलं. आण्णांच्या कानाचं भोक मोडून इतकं बारीक झालं होतं की तिथे रबर बसायचं म्हणजे मोरीच्या जाळीतून भोपळा घालायचा. मग कानावर अडकवायचा आकडेवाला काढला. आकडा अडकवायला कानाला वरून कड लागते. ती मातीत गेली होती.

"ह्ये माणसासाठी बनीवलंय का सशासाठी?" आण्णांनी विचारलं.

तिसऱ्याची वायर पळताना छातीवर आपटायची आणि तो आवाज वायरीतूनच कानात जायचा. "आरं, हलगीच्या मधी ह्यो कोण दार वाजवायलाय?" म्हणत आण्णांनी दुकानाच्या दाराकडे बघितलं. मी वायरीला चिमटा लावून ती बनियनला अडकवावी असं सुचवलं. त्यावर मास्तर लोकांचं डोकं चिमट्याएवढंच असतं, असं मला ऐकावं लागलं. चौथा घामानं दोन दिवसांत खरखरू लागला.

मग शिवानंदनं सगळ्यात साधा, चपट्या गोल बटणांचा इअरफोन पुढे केला. तो कानात शिरत नाही, नुसता भोकाच्या तोंडाशी टेकून बसतो. आण्णांनी डोक्याला आडवा पंचा बांधून तो जागेवर बसवला, दहा-वीस बैठका काढल्या आणि थांबले.

"ह्येच्यात भाईरचं समदं ऐकू येतंय की!"

"रस्त्यावर पळताना ते चांगलं असतं आण्णा," शिवानंद म्हणाला. "मागून गाडी आली तर कळाय नको का?"

"गाडी मला बगून थांबंल. ह्येच्यात बायकू बोलली तरी ऐकू यील! मग हलगी कशाला? ठेव त्यो भंगारात. ह्येच्यात तर आजाबात दम न्हाय."

बायको म्हणजे अनसाकाकू. निपाणीकडचं माहेर, चणीनं एवढ्याशा. आण्णांच्या डाव्या बाजूनं, अर्धं पाऊल मागे चालायच्या. पूजेला, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर, कुठेही बायकोची जागा डावी, हा आण्णांचा नियम पक्का होता. चालताना काकूंचे ओठ सारखे हलत असत. गल्लीत सगळे म्हणत, बाई मोठी भाविक, अखंड नामस्मरण चालू असतं. माझी बायको तर मला त्यांचं उदाहरण द्यायची. काकूंचं एकच दुःख गल्लीला माहीत होतं. हातकणंगल्याला त्यांची धाकटी बहीण राहायची आणि तिच्याकडे जाणं बंद झालेलं होतं. तिच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, व्याह्यांच्या देखत आण्णांनी मसालेभाताचा घास घेऊन जाहीर केलं होतं, "जेवणात दम न्हाय." त्या दिवसापासून दोन्ही घरांची दारं बंद. आण्णा त्याबद्दल चकार शब्द काढत नसत आणि काकूही कुणाला काही बोलत नसत.

तर इकडे इअरफोनांची वरात चालूच राहिली. आता नवीन तक्रार सुरू झाली. आण्णा माल परत आणू लागले. "ह्येची डावी बाजू बंद हाय." शिवानंद बदलून देई. चार दिवसांनी पुन्हा, "ह्येचीबी डावी बंद." तिसऱ्या वेळी मात्र शिवानंदचा संयम संपला. त्यानं तोच इअरफोन स्वतःच्या कानात घातला, मग माझ्या कानात घातला. दोन्ही बाजूंना हलगी कडकडत होती.

"दोन्ही चालू आहेत आण्णा."

"म्हंजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही. तुम्ही असं करा, उलटे घाला. उजवा डावीकडं, डावा उजवीकडं."

आण्णांनी घातले. पंचा आवळला. शिवानंदनं बटण दाबलं. आण्णा तोंड उघडून "बग, आता ह्यो" असं म्हणायला गेले आणि तिथेच थांबले. आधी जो बंद म्हणून आणला होता तो आता उजव्या कानात वाजत होता, आणि चांगला होता तो डाव्यात गेल्याबरोबर मुका झाला होता. त्यांनी पुन्हा बदलून बघितले. मग एक बटण काढून नुसतंच डाव्या कानावर दाबून धरलं, पार चेहरा लाल होईपर्यंत.

मला तर हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर ज्यानं दुनियेला तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून झोडपलं, त्याचाच एक कान ठार बंद निघाला! आण्णांनी सदरा घातला, बटणं एकेक करून लावली आणि इअरफोन काचेवर ठेवला. त्या दिवशी ते दम न्हाय म्हणाले नाहीत. पायरी उतरताना माझ्याकडे न बघता एवढंच बोलले, "मास्तर, ह्या अंगाला या."

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी समजली. अनसाकाकू दळण घेऊन आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोपाशी बसून पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "मला लगीन झाल्यापासनं ठावं हाय की वं! कुठल्या तरी कुस्तीत कान फुटला, तवाधरनं त्या अंगाला भिंत हाय बगा."

"मग सांगितलं का नाही?" बायकोनं विचारलं.

"सांगून काय करू? आवं, माणूस ह्यो असा. समोर तोंड उघडायची सोय न्हाय. मग मी डावीकडनं बोलतो. चालतानं, जेवतानं, कवाबी. मनात येईल त्ये समदं बोलून मोकळी हुतो. शिव्याबी घातल्यात लई. ह्यास्नी वाटतंय मी देवाचं नाव घेतोय."

म्हणजे ते अखंड नामस्मरण हे होतं! माझ्या बायकोनं त्यानंतर मला त्यांचं उदाहरण देणं बंद केलं.

पण हसता हसता काकूंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. "काल रातच्याला जेवतानं मला म्हनले, इकडं उजवीकडं बस. आणि म्हनले, इतकी वर्सं काय सांगत हुतीस त्ये सांग आता. मी काय बोलू? माझं तोंडच उगडंना बगा. काय न्हाय म्हनलं, असंच. मग दोगंबी गप जेवलो." त्यांनी दळणाचा डबा उचलला. "आता डावीकडनं बोलाय गेलं की मान वळवून उजवा कान फुडं करत्यात. बोलायची जागाच गेली माझी."

पुढचे काही दिवस समोरच्या घरात भयाण शांतता होती. आण्णा पळायला जात नव्हते. डॉक्टरांनी पुन्हा सुईचं नाव काढलं तरी हू की चू नाही. ओट्यावर बसून राहायचे आणि काकू शेजारून गेल्या की त्यांच्या ओठांकडे बघायचे. ते ओठ आता हलत नव्हते.

मग एका सकाळी हाक आली. "मास्तर, चला शाहूपुरीला."

शिवानंदनं आम्हाला बघितलं आणि मुकाट्यानं काचेवरची नाजूक वस्तू उचलून आत ठेवली. पण आण्णांनी सदरा काढला नाही, बैठका मारल्या नाहीत.

"त्यो चपटा हाय का रं? बटनाचा. भाईरचं समदं ऐकू येणारा."

शिवानंदनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्याला भंगार म्हणाला होता आण्णा."

"व्हय. त्योच दे."

इतक्या दिवसांची धावपळ, इतक्या बैठका, माझ्या इंग्रजीची इतकी नासाडी, आणि शेवटी निवडलं काय, तर दुकानातलं सगळ्यात टाकाऊ! मी वाटेत त्यांना चांगलं फैलावर घेतलं, उजव्या बाजूनं. आण्णांनी नुसती मान हलवली. एरवी एवढ्या बोलण्यावर त्यांनी मला उचलून पंचगंगेत टाकलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून रंकाळ्यावर नवा प्रकार सुरू झाला. पळणं बंद आणि चालणं चालू, तेही बायकोला घेऊन. डोक्याला पंचा, दोन्ही कानांना बटणं, कंबरेला वॉकमन, आणि अनसाकाकू उजव्या बाजूला! गल्लीनं तोंडात बोटं घातली. जन्मभर डावीकडचा नियम पाळणाऱ्या माणसानं बायको उजवीकडे घेतली म्हणजे वय झालं, असा निष्कर्ष निघाला. मी म्हटलं, स्वतः हलगी ऐकत चालायचं आणि बायकोला सोबत नुसती राखण म्हणून न्यायची, हा पैलवानी संसार. काकूंचे ओठ मात्र पुन्हा हलायला लागले होते.

त्याच सुमारास चमत्कार झाले. आण्णांनी आपणहून स्वयंपाकघरातलं चुलीवरचं तुंबलेलं धुराडं दुरुस्त करून घेतलं. पुण्याच्या मुलाला टेलिफोन केला आणि आईशी बोल म्हणून खडसावलं. आणि एका रविवारी सकाळी काकूंना म्हणाले, "लुगडं बदल, हातकणंगल्याला जायचं."

संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या त्या डोळे पुसतच. "आवं, काय सांगू! तिच्या दारात हुबं ऱ्हायले आणि तिनं वाढल्यालं समदं खाल्लं. पिठलं हुतं नुसतं, घरात काय नव्हतंच. आणि म्हनले, दम हाय जेवनात. माझी भन रडाय लागली, तिचा नवराबी रडाय लागला. ह्यांच्या मनात कसं आलं वं? मी तर कवा ह्यांच्या म्होरं भनीचं नावबी काढल्यालं न्हाय!"

डॉक्टरांनीही साखर उतरल्याचं सांगितलं आणि पळणं मानवलं असं समजून आण्णांची पाठ थोपटली.

मला मात्र हे पचेना. एका सकाळी रंकाळ्यावर दोघं भेटले. काकू फुलवालीशी घासाघीस करायला मागे थांबल्या होत्या, तेवढ्यात मी आण्णांना गाठलं. "द्या बघू, ऐकू दे तुमची हलगी. ह्या भंगारात कशी वाजते ते तरी कळू दे," असं म्हणून मी त्यांच्या उजव्या कानातलं बटण ओढून माझ्या कानाला लावलं.

काहीच वाजत नव्हतं.

"आण्णा, सेल संपलेत की."

आण्णांनी आधी काकू कुठे आहेत ते बघितलं. मग वॉकमनचं झाकण उघडून दाखवलं. आत कॅसेट नव्हती. सेलही नव्हते.

"घातलंच न्हाईत," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "ह्ये कानात असलं की ती बोलत्या, मास्तर. काढलं की गप. तिला वाटतंय मी हलगी ऐकतोय." झाकण लावत म्हणाले, "लई बोलत्या. भनीचं बोलत्या, पोराचं बोलत्या, चुलीच्या धुरानं डोळं जात्यात त्ये बोलत्या. माझ्याबद्दलबी बोलत्या. त्ये तर लई वंगाळ. ऐकतो. आदी कवा ऐकलंच न्हाय नव्हं."

ह्या माणसावर मी वर्षानुवर्षं हसत आलो होतो. त्या क्षणी मला भरून आलं.

"ती आली. घाला, घाला लवकर," आण्णा कुजबुजले आणि वाकून उजवा कान माझ्यापुढे केला. मी त्या मोडक्या कानावर बटण बसवलं, वरून पंचा नीट केला. आण्णा लगेच ताठ झाले आणि नसलेल्या हलगीवर मान डोलवू लागले.

काकू फुलांचा पुडा घेऊन आल्या, उजव्या बाजूला लागल्या. "चला आता," त्या म्हणाल्या. आण्णा कानात आवाज असलेल्या माणसासारखे ओरडले, "आं? काय म्हनलीस?"

"काय न्हाय. ऐका तुमची हलगी."

दोन पावलं गेल्यावर त्यांचे ओठ हलू लागले. मी मुद्दाम मागे राहिलो. काकू कसलं तरी लांबलचक सांगत होत्या, मध्येच हात हलवत होत्या, मध्येच डोळ्यांना पदर लावत होत्या. आण्णांनी चाल कमी केली होती. रोज जिथून घराकडे वळायचे ते वळण आलं, आणि काकूंचं सांगणं अजून चालूच होतं. आण्णा वळले नाहीत. मान डोलवत सरळ पुढे गेले आणि तळ्याची आणखी एक फेरी धरली.